दवाखान्यात सरळ, घरी बाहेर

ड्रेस्डेनचा गेओर्ग बार्टिश विद्यापीठात शिकलेला नव्हता. न्हाव्यांकडे उमेदवारी करत तो शस्त्रक्रिया शिकला आणि १५८३ साली त्याने डोळ्यांच्या विकारांवर एक जाडजूड ग्रंथ छापला. वैद्यकाची पुस्तकं लॅटिनमध्ये लिहिण्याचा तो काळ. बार्टिशने आपलं पुस्तक सरळ जर्मनमध्ये लिहिलं आणि त्यात पानभर चित्रं घातली. त्यांतली काही चित्रं तिरळ्या मुलांसाठी आहेत. डोकं आणि चेहरा झाकणारा एक टोप आणि त्याला डोळ्यांपाशी भोकं. मुलाचा डोळा नाकाकडे वळत असेल तर भोकं कानांच्या बाजूला सरकवलेली, डोळा कानाकडे पळत असेल तर नाकाजवळ आणलेली. बघायचं तर भोकातूनच बघावं लागणार, मग डोळा आपसूक मध्यावर येईल, असा त्यामागचा हिशेब. सातव्या शतकातल्या एजायनाच्या पॉल या ग्रीक वैद्यानेही तिरळ्या बाळांसाठी मुखवटाच सुचवला होता. नऊशे वर्षांनंतरही वैद्यांच्या हातात तीच युक्ती होती.

या मुखवट्यामागे एक गोष्ट गृहीत धरलेली होती. तिरळा डोळा हा सदासर्वकाळ तिरळाच असतो, असं बार्टिश धरून चालला होता. पण तिरळेपणाचा एक प्रकार असा आहे की ज्यात डोळे दिवसाचा बराच वेळ अगदी सरळ असतात. मूल सकाळी शाळेत जातं तेव्हा काही दिसत नाही. संध्याकाळी खेळून दमून आलं, खिडकीतून दूर कुठेतरी बघत बसलं, तंद्री लागली, की एक डोळा हळूच कानाकडे सरकतो. हाक मारली की पापणी लवते आणि डोळा जागेवर येतो. नेत्रतज्ज्ञ याला इंटरमिटंट एक्झोट्रोपिया म्हणतात. ओपीडीच्या केसपेपरवर नुसतं 'आयएक्सटी' लिहिलेलं असतं. घरात आई म्हणते, "दमला की याचा डोळा बाहेर जातो." बाहेर वळणाऱ्या तिरळेपणात लहान मुलांमध्ये हाच प्रकार सगळ्यांत जास्त आढळतो. त्याचा इतिहास म्हणजे वैद्यकाला जे दिसायला शतकं लागली आणि आईला जे पहिल्यापासून दिसत होतं, त्यांच्यातल्या अंतराचा इतिहास आहे.

हे अंतर पडायला सबळ कारण होतं. हा विकार तपासणीच्या वेळी लपतो. डॉक्टरांच्या खोलीत शिरलेलं मूल सावध असतं. समोरचा माणूस हातभर अंतरावर असतो, आणि जवळचं बघताना दोन्ही डोळे नाकाकडे ओढले जात असल्यामुळे डोळा सांभाळणं सोपं जातं. बाहेर पडायला डोळ्याला लागतं ते दूरवरचं बघणं, थकवा, ताप, झोपेतून नुकतंच उठणं किंवा नुसतं हरवून जाणं. यांतलं काहीच त्या खोलीत नसतं. त्यामुळे "मला तर काही दिसत नाही" असं सांगून किती आया परत पाठवल्या गेल्या असतील याची गणतीच नाही.

तिरळेपणाचा विचार मात्र फार जुना आहे. हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका ग्रंथात तिरळ्या आईबापांच्या पोटी तिरळी मुलं जन्मतात अशी नोंद आहे, आणि घराण्यात तिरळेपणा असणं हे आजही डॉक्टर आवर्जून विचारतात. १७४३ साली फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याने मांडलं की दोन डोळ्यांत एक कमजोर असला की तो भरकटतो, म्हणून चांगला डोळा झाकून कमजोर डोळ्याला कामाला लावावं. आज मुलांच्या डोळ्यावर चिकटवली जाणारी पट्टी ही त्याच विचाराची वारस आहे. त्याच शतकात 'शेवालिए' जॉन टेलर नावाचा इंग्रज फिरस्ता शस्त्रवैद्य युरोपभर हिंडत होता. त्याने १७५० मध्ये लाइपझिगला संगीतकार बाखच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया केली आणि बाखची दृष्टी गेली. तिरळेपणा चुटकीसरशी बरा करतो, अशी जाहिरातही हाच टेलर करत असे.

खरी उलथापालथ झाली ती बर्लिनमध्ये. २६ ऑक्टोबर १८३९ रोजी योहान फ्रीडरिश डीफेनबाख याने एका सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्याचा आतल्या बाजूचा स्नायू कापला. मुलाचा डोळा नाकाकडे वळलेला होता; ज्या स्नायूने तो ओढला जातो तोच तोडला की डोळा सुटेल, हा विचार. हॅनोव्हरच्या स्ट्रोमायरने आदल्या वर्षी ही शस्त्रक्रिया मृतदेहांवर करून पाहिली होती; जिवंत मुलावर ती करण्याचं धाडस डीफेनबाखने दाखवलं. ईथरची भूल यायला अजून सात वर्षं होती. डोळा बधिर करणारं कोकेन तर १८८४ साली आलं. त्या मुलाने काय सोसलं असेल याचा विचार आज करवत नाही.

आणि तरीही लोकांची रीघ लागली. १८४२ मध्ये डीफेनबाखने आपलं पुस्तक काढलं तेव्हा त्याच्या खात्यावर सुमारे बाराशे शस्त्रक्रिया जमा होत्या. लंडन, पॅरिस, जिथे तिथे शस्त्रवैद्य कात्री घेऊन सज्ज झाले. चेहऱ्यावरचा डाग एका बैठकीत पुसला जाणार असेल तर तिरळा माणूस त्या काळीही काय वाटेल ते सोसायला तयार होता, यावरून त्या डोळ्यापायी त्याला रोज काय सोसावं लागत असेल ते कळतं.

पुढे जे झालं ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. आतला स्नायू पुरता तोडलेला डोळा काही दिवस सरळ दिसायचा. मग बाहेरचा स्नायू त्याला आपल्याकडे ओढू लागायचा, कारण विरुद्ध बाजूने धरून ठेवणारं कोणी उरलेलंच नसायचं. नाकाकडे वळलेला डोळा कानाकडे जाऊन बसायचा. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात डॉक्टरांच्या नजरेत भरलेला बाहेरचा तिरळेपणा अनेकदा डॉक्टरांनीच निर्माण केलेला होता. या कटू अनुभवातून आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे या बर्लिनच्याच नेत्रतज्ज्ञाने १८५० च्या दशकात पद्धत सुधारली: स्नायूच्या पोटात कापण्याऐवजी तो जिथे डोळ्याच्या पांढऱ्या भागाला चिकटतो तिथे मोजून सोडवायचा. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत जेमसनने तो स्नायू मागे सरकवून नेमक्या जागी टाके घालून बसवायला सुरुवात केली. आज होणारी शस्त्रक्रिया याच वाटेने आलेली आहे.

या ग्रेफेच्या घराण्याचा एक धागा पुण्यापर्यंत येतो, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक पुण्याजवळच्या वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका वैद्याने कपाळाची कातडी वळवून पुन्हा बसवलं. ती हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि युरोपभर गाजली. आल्ब्रेख्तच्या वडिलांनी, कार्ल फॉन ग्रेफे यांनी, १८१८ साली नाकाच्या शस्त्रक्रियेवर जे पुस्तक लिहिलं त्यात या भारतीय पद्धतीला मानाचं स्थान आहे. डीफेनबाखचंही नाव आधी झालं ते नाकाच्या शस्त्रक्रियांमुळेच. मोडलेला चेहरा नीट करणं हे शस्त्रवैद्याचं काम आहे, ही दृष्टी बर्लिनला ज्या वाटांनी पोचली त्यांतली एक पुण्याहून निघाली होती.

कात्रीच्या बाजूला दुसरा एक प्रवाह हळूहळू वाढत होता. त्याला डोळ्याच्या जागेपेक्षा डोळ्याच्या कामात रस होता. जून १८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टनने लंडनच्या रॉयल सोसायटीत स्टिरिओस्कोप मांडला. दोन डोळ्यांना किंचित वेगळी दोन चित्रं दाखवली की मेंदू त्यांची मिळून एकच, खोली असलेली आकृती करतो, हे त्याने सिद्ध केलं. याचा अर्थ असा की सरळ डोळे ही नुसती दिसण्याची बाब नाही. दोन चित्रं जुळवण्याची मेंदूची ताकद टिकते की जाते, हा खरा प्रश्न आहे. एमील झावाल या फ्रेंच माणसाने तो प्रश्न मनावर घेतला. तो मुळात अभियंता. बहीण तिरळी होती, तिच्यासाठी तो वैद्यकाकडे वळला, आणि स्टिरिओस्कोपपुढे बसवून तिच्याकडून चिकाटीने सराव करून घेत राहिला. १८९६ मध्ये त्याचं तिरळेपणावरचं पुस्तक आलं. पुढे काचबिंदूने झावाल स्वतः आंधळा झाला. या सरावातून विसाव्या शतकात ऑर्थोप्टिस्ट हा नवा पेशा उभा राहिला, आणि त्यातली पहिली व्यक्ती मेरी मॅडॉक्स ही डॉ. अर्नेस्ट मॅडॉक्स यांची मुलगी होती.

युट्रेख्टचे नेत्रतज्ज्ञ डॉन्डर्स यांनी १८६४ साली चष्म्याचा नंबर आणि तिरळेपणा यांचं नातं दाखवलं. जवळचं बघण्यासाठी ज्या मुलांना जास्त जोर लावावा लागतो त्यांचे डोळे आत वळतात. यातून आत वळणाऱ्या डोळ्यांवर चष्म्याचा उपाय सापडला. बाहेर वळणाऱ्या डोळ्यांना त्याचा तितका उपयोग नव्हता. युरोपीय मुलांमध्ये आतला तिरळेपणा जास्त, तो लहानपणीच ठळक दिसतो आणि कायम राहतो. साहजिकच पुस्तकांची पानं त्यानेच भरली. अधूनमधून बाहेर जाणारा डोळा तळटीपेत राहिला.

त्याला तळटीपेतून वर आणलं न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर ड्युएन यांनी. १८९६ च्या सुमारास त्यांनी एक साधी शिस्त लावली: तिरळेपणा दोनदा मोजा, एकदा जवळ आणि एकदा दूर. बाहेरचा कोन दूरवर जास्त निघाला तर एक गट, जवळ जास्त निघाला तर दुसरा, दोन्हीकडे सारखा तर तिसरा. दूरच्या मोजणीमुळे दवाखान्यात लपणारा डोळा प्रथमच पकडला जाऊ लागला. साठ-सत्तर वर्षांनी हर्मन बुरियन यांनी त्यात आणखी एक पदर उलगडला. काही मुलांचा डोळा जवळ सरळ दिसतो तो केवळ दोन्ही चित्रं जुळवण्याच्या सवयीच्या जोरावर. अशा मुलाचा एक डोळा अर्धा-पाऊण तास पट्टीने झाकून ठेवला की ती पकड सैल पडते, आणि जवळचा कोनही दूरच्याइतकाच मोठा निघतो. शस्त्रक्रियेत कोणता स्नायू किती हलवायचा याचा निर्णय या अर्ध्या तासाच्या पट्टीवर फिरू शकतो.

मूल स्वतः तक्रार का करत नाही, हे कोडंही याच काळात सुटलं. मोठ्या माणसाचा डोळा अचानक बाहेर गेला तर त्याला एकाच्या दोन वस्तू दिसतात आणि तो घाबरून दवाखाना गाठतो. मुलाचा मेंदू लवचीक असतो. डोळा बाहेर सरकला की त्या डोळ्याकडून येणारं चित्र मेंदू बाजूला टाकतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्थर जॅम्पोल्स्की यांनी १९५० च्या दशकात या दडपणुकीचा बारकाईने अभ्यास केला. डोळा परत जागेवर आला की चित्र पुन्हा स्वीकारलं जातं, खोलीची जाणीव परतते. म्हणून अशा मुलांची प्रत्येक डोळ्याची नजर बहुधा चांगली असते, आणि खोलीची जाणीव तपासण्यासाठी जवळ धरलेल्या पुस्तकात उठून दिसणाऱ्या माशीचे पंख ती चिमटीत पकडायलाही जातात. आधी ओसरते ती दूरवरची खोलीची जाणीव.

हळूहळू लक्षणांचं चित्र भरत गेलं. डोळा बाहेर जाऊ लागल्याचं बहुतेकदा वयाच्या पाचव्या वर्षाआधीच कोणाच्या तरी ध्यानात येतं. सुरुवातीला फक्त आजारपणात, फक्त झोप आल्यावर. मग रोज संध्याकाळी. एक मोठं लक्षण उन्हात दिसतं: घराबाहेर पाऊल पडलं की मूल एक डोळा मिटून घेतं, आणि तो बहुधा नेहमी तोच डोळा असतो. घरच्यांना वाटतं ऊन लागतंय, खोडी करतोय. दोन चित्रं टाळण्यासाठी मूल डोळा मिटतं, की दोन्ही डोळ्यांवर पडणारा लख्ख प्रकाश त्याला सोसवत नाही, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. पण आईने सांगितलेली ही एवढीशी गोष्ट ऐकून अनुभवी डॉक्टरांचे कान टवकारतात. वयात येणाऱ्या मुलांची तऱ्हा थोडी वेगळी. ती डोळा ताब्यात ठेवायला शिकतात, पण त्यासाठी जोर लावावा लागतो. मग डोकेदुखी, डोळे जड होणं, फळ्यावरची अक्षरं पुसट होणं. कधी कधी समोरच्या वस्तू असतात त्याहून लहान भासणं. अभ्यासाचा कंटाळा म्हणून जे खपवलं जातं त्यात कधीतरी हेही असतं.

अलीकडे या विकाराला एक अनपेक्षित प्रसिद्धी मिळाली. २००४ मध्ये हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन आणि बेव्हिल कॉनवे यांनी रेम्ब्राँच्या ३६ आत्मचित्रांतले डोळे मोजले. त्यांपैकी ३५ चित्रांत एक डोळा बाहेर गेलेला निघाला. २०१८ मध्ये लंडनच्या क्रिस्टोफर टायलर यांनी लिओनार्दो दा विंचीबद्दल तसाच दावा केला. त्यांनी सहा कलाकृती निवडल्या, दोन शिल्पं, दोन तैलचित्रं, दोन रेखाटनं, आणि त्यांवरून लिओनार्दोचा डोळा सैल सोडल्यावर सरासरी १०.३ अंश बाहेर जात असावा, लक्ष दिल्यावर तो सरळ होत असावा, असं मांडलं. म्हणजे तंतोतंत आयएक्सटी. एका डोळ्याने जग सपाट दिसतं, ते कागदावर उतरवणं सोपं जातं. दोन्ही डोळ्यांनी खोली कळते. लिओनार्दोला दोन्ही साधत होतं, असा त्यांचा तर्क. कल्पना मोहक आहे. पण या कलाकृती लिओनार्दोचाच चेहरा दाखवतात याला पक्का पुरावा नाही. त्यांतलं डेव्हिडचं शिल्प व्हेरोकियो या शिल्पकाराचं आहे, आणि 'साल्वातोर मुंडी' या तैलचित्राच्या कर्तृत्वावरूनच वाद आहेत. 'लिओनार्दोलाही होता' हा दिलासा आईबापांना देण्याइतका भक्कम नक्कीच नाही.

आशियासाठी ही चर्चा जवळची आहे, कारण युरोपात मागे राहिलेला हा प्रकार आपल्याकडच्या खंडात पुढे आहे. सिंगापूर, हाँगकाँग, जपान इथल्या नोंदींत मुलांमध्ये बाहेरचा तिरळेपणा आतल्यापेक्षा जास्त भरतो, आणि त्यात मोठा वाटा अधूनमधून होणाऱ्याचा. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका परगण्याच्या वीस वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा अशा मुलांत जवळपास दोन-तृतीयांश मुली निघाल्या. का, ते अजून उलगडलेलं नाही. त्याच परगण्यातल्या पुढच्या अभ्यासात लहानपणी डोळा बाहेर जात असलेल्या मुलामुलींना तरुणपणी मानसिक आजार समवयस्कांपेक्षा जास्त प्रमाणात झालेले दिसले. हा कार्यकारणाचा पुरावा नाही, तरी डोळ्याला डोळा भिडवून बोलता न येणाऱ्या मुलाचं शाळेतलं आयुष्य आठवलं तर तो आकडा नजरेआड करता येत नाही.

आता येतो या इतिहासातला, निदान आपल्या मते, सगळ्यांत समाधानाचा टप्पा. २००४ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी या विकाराची तीव्रता मोजण्याची एक गुणपद्धती प्रसिद्ध केली. तिच्या गुणांत दोन भाग होते. एक दवाखान्यात काय दिसलं याचा. दुसरा घरी काय दिसतं याचा: डोळा कधीच जात नाही, दूर बघताना अर्ध्याहून कमी वेळा जातो, अर्ध्याहून जास्त वेळा जातो, की जवळ बघतानाही जातो. आईबापांनी सांगितलेली गोष्ट प्रथमच आकड्यात धरली गेली. इतकी वर्षं जी माहिती 'पालकांचं म्हणणं' म्हणून कागदाच्या कडेला लिहिली जात होती ती निदानाचा भाग झाली.

दोन वर्षांनी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने दवाखान्यापुरती आणखी बारीक मोजपट्टी आणली. ती वापरताना बघण्यासारखी असते. मुलाला सहा मीटरवरच्या पडद्यावरचं कार्टून दाखवतात. पहिली तीस सेकंद तपासणारी व्यक्ती हात न लावता नुसती बघत राहते. डोळा सगळा वेळ बाहेर असेल तर पाच गुण, अर्ध्याहून जास्त वेळ असेल तर चार, त्याहून कमी असेल तर तीन. डोळा गेलाच नाही तर काळ्या चमच्यासारखा ऑक्लूडर एका डोळ्यापुढे दहा सेकंद धरतात. झाकलेला डोळा आडोशाला बाहेर सरकतो. ऑक्लूडर काढला की परत जागेवर यायला त्याला किती वेळ लागतो ते मोजायचं: पाच सेकंदांहून जास्त म्हणजे दोन, एक ते पाच सेकंद म्हणजे एक, सेकंदाच्या आत म्हणजे शून्य. हे तीनदा करतात. मूल कार्टून बघत हसत असतं आणि त्या दोन-तीन सेकंदांत त्याच्या मेंदूची पकड किती शिल्लक आहे ते समोर येतं. मात्र सकाळी दोन मिळालेल्या मुलाला त्याच दिवशी दुपारी चार मिळू शकतात. एका भेटीवरून निर्णय घेऊ नये, हे या विकाराने डॉक्टरांना शिकवलं.

उपचारांचा इतिहास इतका सरळ नाही. हा विकार सगळ्यांत वाढतच जातो, असं एके काळी मानलं जाई. मग शस्त्रक्रियेविना वर्षानुवर्षं सांभाळलेल्या मुलांवर नजर ठेवल्यावर बरीच मुलं आहे तिथेच राहतात असं दिसलं. अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या एका मोठ्या गटाने गेल्या दशकात हे प्रश्न रीतसर चाचण्यांवर घासून पाहिले. तीन ते दहा वर्षांच्या ३५८ मुलांपैकी निम्म्यांना रोज पट्टी लावली, बाकीच्यांवर नुसती नजर ठेवली. सहा महिन्यांत पट्टीच्या गटात एक टक्क्याहून कमी मुलांचा त्रास वाढला. नुसती नजर ठेवलेल्यांतही तो फक्त सहाएक टक्क्यांत वाढला. मायनस नंबर मुद्दाम वाढवून दिलेल्या चष्म्याने डोळा वर्षभर चांगला सांभाळला गेला, पण चष्मा उतरवल्यावर फायदा उरला नाही आणि काही मुलांचा खरा नंबर मात्र वाढला. शस्त्रक्रियेच्या दोन प्रचलित पद्धतींची १९७ मुलांमध्ये तुलना केली तेव्हा तीन वर्षांनी एकीत ४६ टक्के आणि दुसरीत ३७ टक्के मुलांचा निकाल मनासारखा नव्हता. दोघींत ठाम फरक ठरला नाही. डीफेनबाखला वाटलं होतं तसा हा एका बैठकीत सुटणारा प्रश्न नाही, हे १८० वर्षांनी आकड्यांत लिहिलं गेलं. याचा अर्थ शस्त्रक्रिया फोल आहे असा मुळीच नाही. डोळा दिवसाचा बहुतेक वेळ बाहेर राहू लागला, दूरची खोली हरवू लागली, तर ती वेळेवर करायलाच हवी, फक्त पुन्हा लागू शकते हे आधी माहीत असावं.

या शोधाशोधीतून एक गोष्ट भलत्याच ठिकाणी पोचली. सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट यांनी कात्रीला पर्याय म्हणून डोळ्याच्या स्नायूत बोटुलिनम विषाची सूक्ष्म मात्रा टोचून तो तात्पुरता ढिला करण्याचा मार्ग काढला आणि १९८९ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. सुरकुत्या घालवण्यासाठी आज जगभर घेतलं जाणारं बोटॉक्स मूळचं तिरळ्या डोळ्यांसाठीचं औषध आहे.

आपल्याकडे या मुलांच्या वाट्याला येतं ते आधी नाव: चकणा. वर्गात, गल्लीत, लग्नाच्या बोलण्यांत. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत उघड तिरळेपणा असला की उमेदवार बाद होतो, आणि हे अनेक घरांना कळतं ते अठराव्या वर्षी. दुसरीकडे काही घरांत किंचित तिरळा डोळा भाग्याचा समजून त्याला हातच लावत नाहीत. चेष्टा आणि भाग्य, दोन्हींमुळे मूल डॉक्टरपर्यंत उशिरा पोचतं.

शासनाने काहीच केलं नाही असं नाही. १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, शाळांमधून नजर तपासली जाऊ लागली. शून्य ते अठरा वयोगटासाठीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातून, सुरू झाला. पण शाळेतल्या नजरतपासणीचा कणा म्हणजे भिंतीवरचा तक्ता. एक डोळा हाताने झाकून दुसऱ्याने अक्षरं वाचायची, मग उलट. आयएक्सटी असलेल्या मुलाचा प्रत्येक डोळा सुटा बघितला तर चांगला असतो. ते दोन्ही वेळा शेवटच्या ओळीपर्यंत वाचतं आणि पास होतं. त्याचा प्रश्न दोन डोळ्यांच्या एकत्र कामात आहे, आणि ते काम तक्ता विचारतच नाही. या तपासणीत वर्गशिक्षकांना दोनच प्रश्न विचारले, हा मुलगा मैदानावर उन्हात एक डोळा मिटतो का, दुपारच्या तासांना याचा डोळा भरकटतो का, तर खर्च काहीच वाढणार नाही आणि सुटणारी बरीच मुलं सापडतील.

तोवर घरच्यांनी काय करावं? पहिल्या तीन-चार महिन्यांत तान्ह्या बाळाचे डोळे अधूनमधून भरकटतात, त्याची धास्ती घेऊ नये. त्यानंतरही डोळा बाहेर जात असेल, तर तो केव्हा जातो ते टिपून ठेवा: दिवसातून किती वेळा, दूर बघताना की जवळ, उठल्या-उठल्या की झोपताना, कोणता डोळा, उन्हात मिटतो का. डोळा अचानक आणि कायमचा वळला, किंवा फोटोत बाहुलीत पांढरी झाक दिसली, तर टिपणं बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला गाठा; त्या झाकेमागे डोळ्याचा कर्करोगही असू शकतो. एरवी संध्याकाळी मूल दमलेलं असताना, ते दूरचं काही बघत असताना, मोबाइलवर त्याच्या चेहऱ्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. दवाखान्यात डोळे सरळ दिसले आणि "काही नाही हो" असं उत्तर आलं, तर वाद न घालता तो व्हिडिओ दाखवा आणि सहा मीटरवरून तपासायला सांगा.